हातांची सवय

३ नोव्हेंबर १९८४
पोचले एकदाची! बसमध्ये शेजारच्या बाईने वाटभर विचारलं की अजून लग्न का नाही केलंस. तिच्या मांडीवरच्या कोंबडीने काहीच विचारलं नाही, म्हणून मला कोंबडीच जास्त आवडली. सिरेत नदीकाठचं हे गाव लहानसंच, पण बालगृह ऐसपैस आहे, पिवळ्या भिंतींचं. घरमालकीणबाईंनी आल्या आल्या ममालिगा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा, आणि आंबवलेला कोबी वाढला. नर्सिंग संपल्यावरची पहिली नोकरी, आणि तीही तीन वर्षांखालच्या मुलांची. मी भलतीच खुश आहे. मुख्य म्हणजे इथे रडारड नाही. याश शहरात शिकत होते तिथल्या इस्पितळात एकच बाळ अख्खा मजला डोक्यावर घ्यायचं. इथे पाळण्यांच्या ओळीच्या ओळी आणि चिडीचूप. किती गुणी मुलं, असं मी म्हणाले तर मोठ्या सिस्टर वेतुरियाबाई नुसत्या हसल्या.

६ नोव्हेंबर
वेतुरियाबाईंनी पहिला नियम सांगितला, पोराला हातावर घ्यायचं नाही. एकदा का हातांची सवय लागली की ते खाली राहात नाही. आपण दोघी-तिघी, पोरं एवढी, कुणाकुणाला कडेवर मिरवणार गं बाई? दूधसुद्धा बाटली उशीला टेकवून पाजायचं. माझी आईही शेजारणींना हेच सांगायची, त्यामुळे मला काही वावगं वाटलं नाही.

११ नोव्हेंबर
कोपऱ्यातल्या पाळण्यात साफ्ता असते. तिला लवकरच तीन वर्षं पुरी होतील. बोलत नाही, नजर देत नाही. डब्याचं झाकण जमिनीवर भिंगरीसारखं फिरवते आणि ते थांबेपर्यंत एकाच सुरात गुणगुणते. लोकरीचा स्वेटर घातला की ओरबाडून काढते. सगळ्या तिला वेडी म्हणतात. वेडी कसली! मी स्वेटरला आतून जुन्या सुती सदऱ्याचं अस्तर शिवलं, तर बाईसाहेबांनी दिवसभर अंगावर ठेवला. तिला टोचत होतं, एवढंच. हे कुणी विचारलंच नव्हतं.

तीन वर्षं झाली की समिती येते. बरी दिसतील ती मुलं शाळेच्या वसतिगृहात जातात, बाकीची टेकडीवरच्या घरात. टेकडीवर हिवाळा फारसं कुणी काढत नाही, असं वेतुरियाबाई बटाट्याचा भाव सांगावा तशा बोलल्या. साफ्ताला मी टेकडीवर जाऊ देणार नाही.

२५ नोव्हेंबर
आज नियम मोडला. घेतलं तिला. आधी ताठ झाली, मग मान माझ्या खांद्यावर टाकली. रोज घेणार. बघू कोण काय म्हणतं ते.

९ डिसेंबर
मला बघून तिने आपणहून दोन्ही हात वर केले! आनंदाने मलाच रडू आलं. निघाले तेव्हा मात्र तिने टाहो फोडला. या इमारतीत ऐकलेलं हे पहिलं रडणं. वेतुरियाबाई धावत आल्या आणि माझ्यावरच उखडल्या. अगं बये, काय करून ठेवलंस हे! समितीचा डॉक्टर बोग्झा दोन मिनिटं बघतो, गप्प बसलेलं पोर त्याच्या लेखी बरं, ओरडणारं टेकडीवर. इतकी वर्षं मी पोरं अशीच पास करून घेतली, आणि तू आलीस शहाणी. मी म्हणाले, ती आत्ता कुठे माणसात येतेय. डॉक्टरला ते कळेलच की.

१५ जानेवारी
समिती आली. काचेच्या कपाटाचं कुलूप काढून बाहुली आणि चेंडू मांडले. ही खेळणी मुलांनी आजवर काचेतूनच पाहिलेली. मला दाराबाहेर उभं केलं. डॉक्टरने साफ्ताला विचारलं, हे काय आहे? तिने दाराकडे बघून हात वर केले. मी आत जाऊ शकले नाही. मग ती किंचाळायला लागली. डॉक्टरने तिला धरलं, ती त्याला चावली. कागदावर टेकडीचा शिक्का बसला.

सहा जण तिच्या आधी समितीपुढे गेले. एकही बोलत नव्हता. सगळे पास.

१८ जानेवारी
तिला नेलं. बालगृहाचे संचालक मला म्हणाले, तुझ्या हातांची चटक लावलीस ना, मग तूही जा टेकडीवर. त्यांना वाटलं ही शिक्षा आहे. मी तर ट्रंक आधीच भरली होती.

२ फेब्रुवारी
टेकडीवर. इथेही रडणं नाही. साफ्ताचे केस कापलेत. मी हाक मारली, तिने पाहिलं नाही. मनगट चावत होती — जुन्या जखमेवरच. इथे बाई एकच, फ्लोआरेयामावशी. ती म्हणाली, चादरीच्या पट्टीने हात बांध, नाहीतर हाड दिसेल. मी साफ नाही म्हटलं.

४ फेब्रुवारी
दिवसभर तिला कडेवर घेतलं. बाकीची उपाशी राहिली. एक मुलगा पाळण्यातून खाली पडला — उठला नाही. मावशी चिडलीसुद्धा नाही. म्हणाली, आता तूच ठरव.

५ फेब्रुवारी
खाली ठेवलं. पातेलं घेऊन परत येईपर्यंत — तिचा अंगठा —

बांधलं. मीच. खाली मऊ कापड घालून, हळूच. ती माझ्या बोटांकडे बघत होती. गुणगुणली.

११ फेब्रुवारी
मी दिसताच हात वर केले. मला वाटलं, घे म्हणतेय. नाही. मनगटं जुळवली, पट्टीपुढे धरली. सोडताना रडते. बांधताना नाही. बांधते तेवढाच वेळ मी तिला हात लावते — तिला हे कळलंय.

१६ फेब्रुवारी
आज शेजारच्या पाळण्यातल्या मुलानेही. तो कधीच चावत नाही, त्याला कशाला — पुढे गेले तर रडायला लागला. परत आले. बांधलं. हसला. देवा, तो हसला.

२० फेब्रुवारी
मावशी खुश आहे. म्हणते, तुझ्या हाताला गुण आहे गं, पोरं आपणहून —

मला इथून जायचंय. गेले तर यांना कोण

२३ फेब्रुवारी
चादरी संपत आल्या. सकाळी पट्ट्या घेऊन दारात उभी राहिले. सगळ्या पाळण्यांतून हात वर. मनगटं जुळवलेली. कुणी आवाज करत नाही. माझ्याकडेच बघतायत, प्रत्येकाला वाटतंय आधी आपण — आणि मी पुढे जातेय, माझी बोटं आपोआप गाठ मारतायत