जाताना सहा, येताना सात

सोमवार, १७ मार्च १९८६. नांदेड.

नांदेडच्या स्टँडवर उतरलो आणि उजव्या चपलेचा अंगठा तुटला. नव्या गावाचं स्वागत म्हणायचं तर हेच. खांद्यावर वळकटी, एक पाय फरफटत, पत्ता विचारत विचारत ईश्वरप्पांच्या घरी पोचलो तेव्हा साडेअकराचं ऊन डोक्यावर होतं. बदलीच्या हुकमात मी 'लातूर जिल्ह्यातून आलेला लिपिक' आहे. चार वर्षांपूर्वी आमचं उदगीर उस्मानाबादेत होतं. जिल्हा नवा झाला, कार्यालयाला खुर्च्या नव्या आल्या, लिपिक तेवढा जुनाच राहिला.

खोली झकास आहे. खिडकीतून अंगणातला कडुनिंब दिसतो. ईश्वरप्पांची पूर्वी मोंढ्यात आडत होती, आता घरीच असतात. घरात ते आणि लक्ष्मम्मा, दोघंच, दोघंही सत्तरीला टेकलेले. लक्ष्मम्मांनी आधी माझ्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. आत गेल्या आणि कातडी चपलांचा एक जोड घेऊन आल्या. जोड जुना, पण तेल पाजून पाजून मऊ ठेवलेला. घातला तर माझं माप घेऊन शिवल्यासारखा बसला. मग त्यांनी विचारलं, गळ्यात हाय का. मी सदऱ्यातून लिंगाची चांदीची डबी काढून दाखवली. त्यांनी ती डोळ्यांना लावली. परक्या गावात आपलंच, लिंगायताचं घर मिळालं म्हणून मलाही हायसं वाटलं.

जेवायला ज्वारीची भाकरी, घट्ट वरण, शेंगदाण्याची चटणी. तिसरी भाकरी न विचारता ताटात पडली. आई-बाप लहानपणीच गेले, काकांकडे वाढलो. तिथं तिसरी भाकरी मागावी लागायची आणि मी कधी मागितली नाही. आज मनापासून बरं वाटलं.

रविवार, २३ मार्च

कार्यालयात टंचाई शाखा मिळाली. लोह्याकडच्या विहिरींनी तळ दाखवलाय, रोज पंधरा गावं टँकर मागतात. कुठला टँकर कधी निघाला, किती खेपा झाल्या, हे लिहायचं माझं काम. जाताना भरलेला, येताना रिकामा. आठवड्यात या कामाची इतकी सवय लागली की काल भाजी आणायला गेलो तेव्हाही मनात खेप मांडली.

लक्ष्मम्मांना हे कळल्यावर त्यांनी मला घरच्या खेपेवर बसवलं. त्यांना एका दिवसात औंढा नागनाथ आणि लोणार करून यायचंय. मी हौसेनं कागद घेतला. हिमायतनगरच्या शेषेरावची जीप लग्नसराईमुळे २७ एप्रिलच्या रविवारी मोकळी आहे. पहाटे निघायचं, गुरुद्वाऱ्यात माथा टेकायचा, नऊच्या आत औंढा, दुपारी लोणार. तिथं झऱ्याच्या धारेवर हातपाय धुवायचे, दैत्यसूदनाचं देऊळ बघायचं, मग खाली उतरून तळ्याकाठची कमळजा देवी. ते खाऱ्या पाण्याचं तळं मी अजून पाहिलेलं नाही. पाणी म्हणे साबणासारखं बुळबुळीत लागतं.

माणसं सहा : ईश्वरप्पा, लक्ष्मम्मा, शेजारच्या केवळाबाई, त्यांचे यजमान अण्णाराव, मठातले स्वामी आणि मी. शेषेराव वेगळा. यादी वाचून दाखवली तर लक्ष्मम्मा म्हणाल्या, जाताना सहा, येताना सात, येक जागा मोकळी ठिव. प्रसादाच्या पिशव्यांना लागेल, म्हणून मी चेष्टा केली. कुणी हसलं नाही. ईश्वरप्पा उठून अंगणात गेले.

रविवार, ६ एप्रिल

सातवा कोण ते कळलं. केवळाबाईंनी नळावर सांगितलं. नळाला पाणी तीन दिवसांनी येतं, तोवर रांगेत घागरी आणि गोष्टी.

ईश्वरप्पांना एकच मुलगा, बसवंत. बहात्तरच्या दुष्काळात, बावीस वर्षांचा असताना, मित्रांबरोबर हीच सहल करायला गेला. तळ्यात उतरताना कुणीतरी सांगितलं की खाऱ्या पाण्यानं चांदी काळी पडते. त्यानं गळ्यातलं लिंग काढलं, काठावर चपला सोडल्या, त्यांवर ते ठेवलं. आपल्यात लिंग मरेपर्यंत गळ्यातून उतरत नाही, हे त्याला काय ठाऊक नव्हतं? पण चांदीची डबी नवी होती. काठाजवळच्या चिखलात तो कमरेपर्यंत गेला, मग गळ्यापर्यंत. शरीर मिळालं नाही. घरी लिंग आलं आणि चपला आल्या.

मी खाली पाहिलं. नळावरून अनवाणी घरी आलो.

माझ्या जुन्या चपला मागितल्या. लक्ष्मम्मा म्हणाल्या, तुटक्या होत्या, टाकून दिल्या. बाजारातून नवा जोड आणला. संध्याकाळपर्यंत दोन्ही टाचांना फोड आले.

गुरुवार, १० एप्रिल

फोड फुटले. बसवंतच्या चपला पुन्हा घातल्या. पाय लगेच निवले. चप्पल ती चप्पल, चौदा वर्षं तेल पाजलेलं कातडं मऊ असणारच.

दोन गोष्टी मात्र लिहून ठेवतो. लिंगाची डबी काळी पडली आहे. चिंचेनं घासली, पुन्हा काळी. आणि पाणी खारट लागतंय. घरातलं, कार्यालयातलं, हॉटेलातलंही. अण्णारावांना चाखायला लावलं. ते म्हणाले, ग्वाड हाय की, तुमाला उन्हाळा लागला.

सोमवार, १४ एप्रिल

सुट्टी. सकाळी आठलाच ईश्वरप्पा मला आपल्या समाजाच्या स्मशानात घेऊन गेले. घरात त्यांना बोलता येत नसावं.

आपल्याकडे माणसाला बसवून माती देतात. हातात त्याचं लिंग, भोवती विभूती आणि मीठ. खड्डा त्याच्याच पायाच्या मापानं, नऊ पावलं. मेलेल्याच्या पायाला दोरा लावून माप घ्यायचं, ही रीत. बसवंतचा पायच नव्हता. लक्ष्मम्मांना राहवेना, त्यांनी चपलेवरून माप काढून दिलं. ईश्वरप्पांना ते मोडवलं नाही. खड्डा खणला, मीठ भरलं, आत कुणालाच बसवलं नाही, आणि वरून माती लोटली. नंतर स्वामींनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाले, पायाचं माप घेतलं की जागा त्या माणसाची होते. चपलेचं घेतलं की ज्याला ती चप्पल येईल त्याची. तेव्हापासून लक्ष्मम्मा त्या चपला कुणाच्या पायात जाऊ देत नव्हत्या. चौदा वर्षं.

आणि माझ्यापुढे आणून ठेवल्या.

ईश्वरप्पा रडत होते. त्या खड्ड्यावरची माती मधोमध खचली होती, आणि कडेनं पांढरं मीठ फुटून वर आलं होतं. ओलं. वर्षभर पाऊस नाही आणि ओलं. मी टाचेला अंगठा लावत मोजलं. नऊ. तिळभर कमी नाही, तिळभर जास्त नाही.

शुक्रवार, १८ एप्रिल

सहलीची यादी पुन्हा काढली. माझंच अक्षर, माझीच शाई. सहाव्या ओळीत माझं नाव गुरुपाद होतं. आता बसवंत आहे. खोडलेलं नाही, गिरवलेलं नाही.

कार्यालयात मोठ्या बाबूंनी बोलावून विचारलं, हा बसवंत कोण? दोन दिवस टँकरच्या खेपांवर त्याची सही आहे.

मला भीती वाटते.

मंगळवार, २२ एप्रिल

लक्ष्मम्मांनी विचारलं, जीपमध्ये जागा किती ठेवल्या. सांगितलं, तुमच्या म्हणण्याप्रमाणे एक मोकळी. तर म्हणाल्या, आता नको. जाताना सहा, येताना बी सहाच.

असं म्हणून माझ्या पाठीवरून हात फिरवला.

ईश्वरप्पा मागच्या दारानं आले. त्यांनी सांगितलं, तू रजा टाक, उदगीरला जा. हिला मी सांभाळतो. लेकरा, तू दुसऱ्याचा हायस. लिंग गळ्यातून काढू नको बघ, कुणी बी सांगू दे.

वळकटी बांधली. उद्या दहाची गाडी.

बुधवार, २३ एप्रिल

गेलो नाही.

दारातून निघतच होतो. लक्ष्मम्मा उंबऱ्यात बसल्या होत्या, गव्हाची गोड हुग्गी केली होती, वाटीत तूप. म्हणाल्या, तू न्हाई आलास तर मी येकटी जाईन पाण्यात. पाणी लई मागं हटलंय औंदा, मला दिसल तो. त्या खरंच जातील. त्या चिखलात सरळ चालत जातील, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं.

आणि दुसरं कारण. तेही लिहितो, खोटं कशाला? मी खाली बसून हुग्गी खाल्ली. त्यांनी पदरानं माझं तोंड पुसलं. आजवर माझं तोंड कुणी पुसलेलं मला आठवत नाही.

जाईन. त्यांना पाण्याजवळ जाऊ देणार नाही. हात धरून परत आणीन. लिंग काढणार नाही. एवढंच तर करायचंय.

शुक्रवार, २५ एप्रिल

पायांवर पांढरा पापुद्रा येतो. धुतला की जातो, वाळला की येतो. बोटं एकमेकांवर घासली तर बुळबुळीत.

अंगणातल्या कडुनिंबाच्या दुसऱ्या फांदीवर झोक्याची खूण आहे. कुणी सांगितली नाही. शिडी लावून पाहिली. आहे —

लक्ष्मम्मांना आज अव्वा म्हणालो, म्हणजे आई. तोंडातून आपोआप गेलं. त्या लगेच 'ओ' म्हणाल्या.

शनिवार, २६ एप्रिल

दुपारी ईश्वरप्पांनी दुकानातून पोतं आणलं. जाडं मीठ. अंगणात ठेवलंय.

लिंगाच्या दोऱ्याला दोन गाठी मारल्या. मग तिसरी.

माझं नाव गुरुपाद. गुरुपाद. गुरुपाद.

रविवार, २७ एप्रिल

५.५० — निघालो. सहा. मोजले.

६.१५ — गुरुद्वारा. माथा टेकला. फरशी गार. अव्वांनी हात सोडला नाही माझा.

८.४० — औंढा. वाकून गाभाऱ्यात उतरलो. पुजाऱ्यानं अभिषेकाला नाव विचारलं. मी तोंड उघडलं, त्याआधी अव्वांनी सांगितलं. बसवंत. मी दुरुस्त केलं नाही —

१२.४५ — लोणार. धार. एवढ्या दुष्काळात वाहतेय. ओंजळ भरून प्यालो. गोड! पाणी गोड लागलं! ईश्वरप्पांना सांगितलं, ते पहिल्यांदा हसले. गळ्यात लिंग आहे, तिन्ही गाठी आहेत. परत जाणार मी.

१.४० — दैत्यसूदन झालं. आता खाली.

३.०५ — कमळजा देवी. तळं खूप मागं गेलंय. काठ पांढराफटक. वास. स्वामी पूजा सांगतायत. अव्वा —

अव्वा नाहीत देवळात.

३.४० — आणलं. आणलं त्यांना. गुडघाभर गेल्या होत्या, पुढे हात करून. मी धावलो, मागून कवेत धरलं, काठाकडे लोटलं. ईश्वरप्पांनी ओढून घेतलं. बऱ्या आहेत. मीही निघालो. निघालो बहुतेक. काठावर बसून लिहितोय. दम लागलाय. कमरेखाली गार, बुळबुळीत —

ती मंडळी चढाला लागली. मला हाक मारायला हवी होती.

चपला समोर आहेत. काठावर, कोरड्या जागी, नीट जोडून ठेवलेल्या. त्यांवर माझं लिंग. तिन्ही गाठी तशाच आहेत. मी काढलं नाही. मी काढल्याचं मला —

हात पुरत नाही.

मोजतो. सवय. स्वामी, केवळाबाई, अण्णाराव, ईश्वरप्पा, अव्वा. अव्वांचा हात धरून एक जण. माझा सदरा. अनवाणी आहे. पाच आणि एक, सहा.

पुन्हा मोजलं. सहा.

अव्वांनी हाक मारली, बसवंता. माझं नाव नव्हे. तरी मी 'ओ' दिली, जीव तोडून दिली. पण माझ्या आधी वरून त्यानं दिली, माझ्याच आवाजात, आणि अव्वा हसल्या, आणि ईश्वरप्पा एकदा वळून इकडे बघतायत, त्यांना दिसतंय, त्यांना मी दिस —