नदीपाशी थांबलेली ओवी

आबा, केंद्रातले चारही ढोल मी स्वतः केलेत. आंब्याची खोडं आणून आतून पोखरली, दोन्ही तोंडांची गोलाई एकसारखी यावी म्हणून कारखान्यातल्या सवयीनं बोटाबोटावर माप घेतलं, कातडी चढवली, दोऱ्या आवळल्या. घोंगडी विणायचा माग मी जोडला. भिंतीतली कपाटं माझी, दारावरची पाटी माझी, पाटीवरची अक्षरंही. आणि तुमच्या ओवीच्या अकरा वह्या. कागद कापून, शिवून, लोकरीच्या सुताला लावतात ती चिंचोक्याची खळ लावून बांधल्यात. यातलं काही मला कोणी शिकवलं नाही. तुम्ही असता तर म्हणाला असतात, ‘लई शाना!’ तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून तर हे कागदावर मांडायचा धीर होतोय.

केंद्र म्हणजे पुंडलिकनगरातल्या माझ्या घरावरच्या दोन खोल्या. शनिवार-रविवार तिथं ढोल, धनगरांचं गजनृत्य आणि तुमची ओवी शिकवतो. ज्यांच्या आज्यानं मेंढरं राखली अशी पोरंपोरी येतात, ज्यांनी मेंढरू फक्त रस्त्यात मोटारीपुढं आडवं आलेलं पाहिलंय अशीही येतात. खालचे भाडेकरू दोनदा सोडून गेले. बायको म्हणते, “भाडं गेलं ते गेलं, निदान ताल तरी धरा म्हणावं.”

मला मात्र ढोल घुमला की खुलताबादच्या घाटाखालची दुपार दिसते. मी सव्वीस वर्षांचा टर्नर, आठवड्याच्या सुटीला एसटीनं येऊन दीड कोस चालत तुमच्यापाशी पोचलोय. मेंढरं बाभळीखाली एकमेकांच्या पोटात मुंडकी घालून उभी आहेत. तुम्ही काठीवर हनुवटी टेकलीय. मी वही उघडून म्हणतो, “आबा, मागच्या खेपेला ती नदीपाशी आली होती. तिथून पुढं सांगा.” तुम्ही भडकता. “मधनंच कुठनं सांगू? रेडिओ हाय का मी, कान पिळला की बोलाय? सुंबरान मांडावं लागल.” सुंबरान मांडायचं म्हणजे देवांची नावं घेऊन ओवी अगदी पहिल्यापासून उचलायची. तुम्हाला दुसरा रस्ताच ठाऊक नव्हता. मग पुन्हा देव, पुन्हा धनगरवाडा, पुन्हा ती धनगराची सून, जिचा कळप वाऱ्यावादळात हरवला आणि जी सात रानं धुंडत निघाली. ती नदीपाशी यायची, पलीकडं कळप दिसायचा, आणि इकडं ऊन कलायचं. मेंढरं वाघुरात, जाळीच्या कुंपणात, घालायची वेळ. तुम्ही उठायचात. “ऱ्हायलं फुडल्या खेपंला. नदी काय पळून जात नाय.”

कितीतरी सुट्या ती बाई त्याच काठावर उभी राहिली. मला घाई नव्हती. प्रत्येक खेपेला एखादा शब्द बदलायचा, तो मी समासात लिहून ठेवायचो आणि मनात म्हणायचो, कॉलेजातल्या शिकलेल्यांना हे जमलं असतं का?

मग तो दिवस. त्या आठवड्यात माझी सुटी बदलली होती, तीनची दुसरी पाळी होती, तरी मी सकाळी आलो. तुम्ही न्याहारीच्या भाकरीनंतर लगेच सुंबरान मांडलंत. साडेबाराला ती नदीपाशी पोचली. मी घड्याळ पाहिलं. “आज थांब,” तुम्ही म्हणालात, “आज शेवट गातो.” मी म्हणालो, “आबा, खाडा पडेल.” “पडू दे की. इथं बाई पाण्यात पाय घालाय लागली न् तुला खाडा सुचतोय व्हय रं?” मी हसलो आणि वही पिशवीत घातली. तोवर माझा एकही खाडा नव्हता, आणि त्याचा मला फार तोरा होता.

पंधरा दिवसांनी तुम्ही गेलात. मी तुमच्या लेकाला विचारलं, भावकीत विचारलं, आसपासच्या वाड्यांवर विचारत हिंडलो. शेवट कोणालाच येत नव्हता.

मग मी तो लिहिला. बत्तीस ओळी. नदी दुभंगते, कळप पायाशी येतो, सून घरी परतते आणि सासू तिला ओवाळते. तुमचेच शब्द, तुमचीच वळणं, अकराव्या वहीत, त्याच शाईनं. केंद्र निघालं तेव्हा पोरांना शिकवला तो हाच. क्रांती चौकातल्या एका कार्यक्रमात पोरांनी ओवी गायली, तेव्हा तुमचा नातू पुढं येऊन माझ्या गळ्यात पडला. म्हणाला, “आबाच बोलल्यासारखं वाटलं.” तेव्हा सांगता आलं असतं. मी त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिलो.

गेल्या महिन्यात हंगेरीहून एक बाई आल्या. त्या तिथं लोककलेचं घर चालवतात. आमच्या केंद्राचे एक सभासद इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक आहेत, ते दुभाषे. बाईंनी मेंढपाळांच्या अंगरख्याचा फोटो दाखवला. तुमची घोंगडीच, फक्त बाह्या असलेली, आणि त्या बाह्यांत कोणी हात घालत नाही, नुसता खांद्यावर टाकतात. त्यांच्या त्या घरात म्हणे खेड्यातली म्हातारी माणसं शहरात आणून बसवतात, मध्ये वाजवणारे, भोवती सगळे नाचत नाचत शिकतात. मंच नाही, खुर्च्या नाहीत, बघणारा कोणी नाही. बायकोनं विचारलं, “कोणीच बघत नाही? मग चहा कोण करतं?” प्राध्यापकांनी भाषांतर केल्यावर बाई खो-खो हसल्या.

पोरांनी त्यांना तुमची ओवी ऐकवली, सुंबरानापासून ओवाळण्यापर्यंत. बाईंनी डोळे पुसले आणि एक कागद काढला. त्यांच्याकडं प्रत्येक गाण्यासोबत तो भरतात: कोण गातंय, कोणाकडून ऐकलं, कुठं, सगळं जसंच्या तसं आहे का. खाली सही. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “आणि शेवट मिळालाच नसेल तर?” प्राध्यापक म्हणाले, “त्या म्हणतात, तेवढी जागा कोरी ठेवतो. आमच्याकडे अशा पुष्कळ कोऱ्या जागा आहेत.”

पेन माझ्या हातात होतं. पोरं रांगेत उभी होती. मी पेन खाली ठेवलं आणि मोठ्यानं म्हणालो, “आमच्या आबांची ओवी बाहेर द्यायची नाही.” पोरांनी टाळ्या वाजवल्या. बाई जिना उतरून गेल्यावर बायको म्हणाली, “सही करायला काय हात मोडला होता?”

तेव्हापासून तुमचं एकच वाक्य कानात आहे. पाण्यात पाय घालाय लागली, असं म्हणाला होतात. माझ्या बत्तीस ओळींत ती पाण्यात पाय घालतच नाही, नदीच वाट देते. वर्षानुवर्षं एक-एक शब्द मोजणाऱ्या मला हे दिसलं नाही. ती उतरली का, आबा? पलीकडं पोचली का? एक खाडा पडला असता तर आज मला ठाऊक असतं.

हे पत्र कोणाला दाखवायचं नाही. पोरांना वाटतं, मी ओवी राखली. खरं एवढंच, की ‘कोणाकडून ऐकलं’ या रकान्यात मला तुमचं नाव लिहिता येईना, आणि त्यांच्यासमोर माझं लिहायची लाज वाटली. पूर्ण ओवीचं ध्वनिमुद्रण, दोन्ही भाषांत पुस्तक, आणि केंद्राला साडेचार लाख रुपये, असं बाईंनी देऊ केलं होतं. मी नको म्हणालो.