रोहिणीच्या गाळ्याला कुलूप

बीड
मंगळवार, १६ फेब्रुवारी १९९९

प्रिय वीरेश,

बुधवार, दिनांक १० फेब्रुवारी १९९९, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तू मंडईमागच्या शिवशंकरअप्पांच्या गाळ्यात बूट न काढता शिरलास आणि चार वाजून बावीस मिनिटांनी दार आपटून बाहेर पडलास. वेळ भिंतीवरच्या घड्याळाची आहे. ते दोन मिनिटं पुढं असतं, ती मी वजा केली आहेत. दुसऱ्या दिवशी अकराच्या आत त्याच गाळ्याला कुलूप लागलं. मध्ये काय झालं ते तुला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि जिचं पोट त्या गाळ्यावर आहे तिला माहीत आहे. तिनं तोंड उघडलेलं नाही, म्हणून मी लिहिते आहे.

'प्रिय' लिहिलंय त्यानं हुरळून जाऊ नकोस. सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात सिस्टर लोकांनी शिकवलं होतं की ज्याच्याशी भांडायचं त्यालाही आधी 'डियर' लिहावं, मग भांडावं. सकाळपासून हा चौथा कागद. दोन ओळी झाल्या की उठते, गॅलरीत जाते, वाळत घातलेले कपडे उगाच उलटे करते, परत येऊन बसते. काल उपास सोडला तरी जेवण गेलं नाही. रविवारी शिवरात्रही होती आणि तुमचा तो नवा प्रेमाचा दिवसही. तुझ्या शोरूमच्या काचेवर मोटरसायकलींच्या मध्ये लाल फुगे लटकवले होतेस आणि कपाळभर विभूती लावून वर्षाराणीला घेऊन जोडीनं देवळाच्या रांगेत उभा होतास. मी दिसताच वाकून पाया पडलास. मी आशीर्वाद दिला नाही. तुझ्या लक्षातही आलं नसेल, तू मागं वळून कुणाला तरी डाऊन पेमेंट समजावून सांगत होतास.

जिच्या अंगावर तू ओरडलास ती कोण, हे तरी तुला ठाऊक आहे का? भिवराबाईची सून, रोहिणी. भिवराबाई म्हणजे तुझ्या आईच्या बाळंतपणात सव्वा महिना आपल्या घरी येऊन तुला पायांवर पालथं घालून रगडणारी. तू इतका रडायचास की शेजारचे विचारायला यायचे. सून पुण्याला गेली, नवरा तिथंच अपघातात गेला. एका हेल्थ क्लबात ती बायकांची मालिश शिकली, चार वर्षं राबली. मग मालकानं पुरुषांसाठी वेगळा विभाग काढला आणि तिला तिकडं उभं राहायला सांगितलं. पगार दुप्पट देतो म्हणाला. तिनं त्याच संध्याकाळी एस.टी. पकडली. हे तिनं मला एकदाच सांगितलं, तेही हात न थांबवता.

आता पाटीचं सांगते, कारण तू अप्पांना म्हणालास, "पाटीच बघा ना अप्पा, पाटीवरच लिहिलंय काय चालतंय ते." पाटीवरचे शब्द माझे आहेत. रोहिणी म्हणत होती, "आत्याबाई, मालिशच लिवा की. समद्यांना कळतंय." मीच म्हटलं, मालिश घोड्याची करतात, नीट नाव दे. म्हाळू पेंटर ब्रश हातात धरून दोनदा विचारत होता, "आत्याबाई, 'मसाज पार्लर'च लिहू? लोक हसतेल बघा." मी त्याला झापलं. म्हटलं, तू स्पेलिंगकडं लक्ष दे, अर्थाचं मी बघते. तर अर्थ हा, वीरेश. आमच्या कॉन्व्हेंटात पार्लर म्हणजे भेटीची खोली. पॉलिश केलेलं टेबल, भिंतीवर मेरीची तसबीर, आणि महिन्यातून एका रविवारी चार ते पाच या वेळात तिथं आईवडील भेटायचे. माझे अण्णा बीडहून दीड दिवसाचा प्रवास करून तिथं येऊन बसायचे, टोपी मांडीवर ठेवून. आवाज चढवायचा नाही, शिवाशिव करायची नाही, सिस्टर दारात उभी. जगात त्याहून सोवळी खोली मी पाहिलेली नाही. त्या शब्दाचं तुम्ही मधल्या काळात काय करून ठेवलंत, हे मला कुणी कळवलं नाही.

नाही म्हणायला, तू कळवलं होतंस. तुझ्या काउंटरवर पुण्याचं वर्तमानपत्र पडलेलं असतं. शेवटून दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात, 'एकटे आहात? मनमोकळी मैत्री करा', खाली फोन नंबर. त्याखाली 'बॉडी मसाज, घरपोच, गोपनीयतेची खात्री'. मी ते मोठ्यानं वाचून म्हटलं होतं, बरं झालं बाई, म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांची कुणाला तरी काळजी आहे. तू आणि तुझा तो राधाकिशन पोट धरून हसलात. "आत्या, तुझ्या वयाला मानवायचं न्हाई ते." मला वाटलं, तेल गरम असेल.

अप्पांना तू काय सांगितलंस ते गावभर झालं आहे. सहज त्या गल्लीतून जात होतो, त्या बाईनं आत बोलावलं, नको ते सुचवलं, मी तसाच परत फिरलो. आता तू प्रत्यक्षात काय बोललास ते मी लिहिते. एखादा शब्द इकडंतिकडं असेल तर उत्तरात दुरुस्त कर. तू म्हणालास, "पुण्यात असतंय तसं हाय का हितं?" ती म्हणाली, "कसं दादा?" "कावून वेड पांघरतीस? स्पेशल." ती म्हणाली, इथं फक्त बाया येतात, दारावर खडूनं लिहिलंय. तू म्हणालास, खडूचं जाऊ दे, रंगानं काय लिहिलंय ते बघ. मग तू रक्कम बोललास, मग तीच वाढवून बोललास. ती म्हणाली, "दादा, पाया पडते, बाहेर व्हा."

आणि मग तू अगदी वेगळ्या आवाजात म्हणालास, "बरं, ते नको. नुसतं डोक्याला तेल लाव. अर्धा तास बोलत बस. घरी कुनी बोलत न्हाई माझ्याशी." ती म्हणाली, "वहिनीला सांगा की हे." त्यावर तू तिला जे म्हणालास ते मी कागदावर उतरवणार नाही, माझं अक्षर चांगलं आहे.

मला हे कसं कळलं, याचा विचार करत असशील. रोहिणीनं सांगितलं म्हणून तिच्यावर दात खाऊ नकोस. तीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसले, ट्रंक कॉल जोडले. 'हॅलो'च्या 'हॅ'वर मला कळायचं की माणूस परळीचा आहे की गेवराईचा, मयताचा निरोप आहे की बारशाचा. तुझा आवाज मला कळायला पहिला शब्दसुद्धा लागला नाही, तू खाकरलास तेव्हाच कळलं. त्या गाळ्यात निळा पडदा आहे. पडद्यामागं फळी आहे. फळीवर मी पालथी पडले होते, अंगावर एक पंचा आणि पाठभर तिळाचं तेल, तोंड घड्याळाच्या भिंतीकडं. गळ्यातलं इष्टलिंग मुठीत आवळून धरलं होतं. दोरा दुसऱ्या दिवशीपर्यंत मानेवर उमटलेला होता.

आता हसू नकोस. किंवा हस, पण पुढचं वाच. डॉक्टरांनी आखडलेल्या खांद्यासाठी सहा वेळा मालिश सांगितली होती. खांदा सातव्या वेळी सुटला. मी अकरा महिने दर बुधवारी जाते आहे. माझे यजमान गेल्याला सत्तावीस वर्षं झाली. त्यानंतर माझ्या अंगाला कोण शिवलं? कंडक्टर, सुटे देताना. आणि तुम्ही पोरं, पाया पडताना, तेही घाईत. पहिल्या बुधवारी रोहिणीनं मानेखाली दोन्ही तळवे ठेवले आणि मला रडू फुटलं. "दुखतंय का?" एवढंच म्हणाली, आणि मी हो म्हटलं, खोटं. तेव्हापासून मी पैसे देऊन तिच्याकडून तास विकत घेते आहे. तोंडानं खांदा म्हणते, पण खांदा केव्हाच बरा आहे. म्हणून तू ते तेलाचं वाक्य बोललास तेव्हा माझा राग मध्येच कुठंतरी तुटला. उठून पडदा सारावा आणि म्हणावं, बस इथं, मी लावते तेल, असं वाटलं. पण अंगावर पंचा होता, आणि तू माझा भाचा.

तू तिथंच थांबला असतास तर मी हे सगळं पोटात ठेवून मेले असते. मागितलंस, नाही मिळालं, शरमून घरी गेलास. होतं माणसाकडून. वर्षाराणी तुझ्याशी पोरांच्या क्लासशिवाय दुसरं बोलत नाही हे मला दिसतं, आणि तू तिच्याशी मोटरसायकलीशिवाय बोलत नाहीस हेही दिसतं. पण तू घरी गेला नाहीस. जिनं तुला नाही म्हटलं ती उद्या कुणाला सांगेल, या भीतीनं तू आधी जाऊन सांगितलंस. मागणारा तू, आणि विकणारी ती ठरली. आता भिवराबाईलाही बाळंतिणींच्या घरून निरोप येतात, राहू द्या, आमची आई आली आहे. सत्तर वर्षांच्या बाईला टाळायला एकाच आठवड्यात चार घरी आया उगवल्या. रोहिणीनं पुण्याच्या मालकाला फोन केला आहे. त्याच पुरुषांच्या विभागातल्या कामासाठी. तो ये म्हणाला. गुरुवारी, २५ तारखेला, ती जाते आहे. तू तिच्यावर जो आळ घेतलास तो खरा करून घ्यायला तिला तूच धाडतो आहेस, हे नीट समजून घे.

आणि आता माझं. शुक्रवारी अप्पांनी तिला दुकानात बोलावलं. चार माणसांत एक शहाणी बाई असावी म्हणून मलाही बोलावलं. मला खुर्ची दिली, तिला उभं केलं. अप्पा म्हणाले, "तुझ्याकडं कोन कोन येतंय, नावं सांग. चांगल्या घरच्या बाया असतेल तर एकीचं तरी नाव घे, कुलूप आत्ता काढतो." ती म्हणाली, "नावं सांगत नसते, अप्पा. कुनाचं अंग कसं हाय आन् कोन काय बोललं, ते भाईर न्यायचं न्हाई. सासूनं पहिल्या दिवशी हेच शिकवलं." तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. एक वाक्य, वीरेश. 'मी जाते तिच्याकडं.' तीन शब्द. मी चहा पीत होते. चहा संपला, तरी मी कप तोंडाला लावून बसले. नंतर चहा घेऊन आलेली बायडाबाई म्हणाली, आत्याबाई किती शांत बसल्या होत्या. तुला हे पत्र लिहायला मला सहा दिवस लागले ते तुझ्यामुळं नव्हेत. दुसऱ्याला चोर म्हणायच्या आधी आपला हात धुवावा लागतो. काल मी तो धुतला. अप्पांना स्वहस्ते लिहून दिलं की मी, गंगासागर, निवृत्त टेलिफोन सुपरवायझर, वय एकसष्ट, अकरा महिने दर बुधवारी चार ते पाच त्या गाळ्यात फळीवर पडलेली असते, मागच्या बुधवारीही होते, आणि तिनं कुणालाही आत बोलावलं नाही. तुझं नाव त्यात नाही. तिनं जे राखलं ते मी मोडणार नाही. अप्पांनी कागद दोनदा वाचला, कानापर्यंत लाल झाले आणि म्हणाले, "तुमच्यावर इस्वास हाय आत्याबाई, पण ज्यानं तक्रार केली त्यानंच ती मागं घ्यायला पायजे, न्हाईतर लोक म्हनतेल बायांनी बायांना झाकलं." म्हणून आता तुझा कागद हवा. तुझ्या अक्षरात, शाईनं, अप्पांच्या नावे: मी केलेली तक्रार खोटी होती. कारण लिहू नकोस, ते कुणी मागितलेलं नाही. त्याची नक्कल आणि या पत्राचं लेखी उत्तर माझ्या हातात बुधवार, २४ फेब्रुवारी, संध्याकाळी पाचच्या आत पडलं पाहिजे. फोन चालणार नाही, वर्षाराणीच्या हाती निरोप चालणार नाही, मिठाई तर मुळीच नाही. पाच वाजून एक मिनिटाला उत्तर आलेलं नसेल तर मी त्या कुलपासमोर भर रस्त्यात खुर्ची टाकून बसेन. येणारेजाणारे विचारतीलच, आत्याबाई इथं काय करता. मी खरं तेच सांगेन, की भाच्याच्या पत्राची वाट बघते आहे.

तुझीच, कितीही झालं तरी,
गंगासागर आत्या