दाराशी थांबलेली फेरी

३ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

टकळीला बोलण्याचा पगार देणारं कोण भेटलं, असं विचारलंस. भेटलं खरं. आमच्या संशोधन केंद्राची नवी इमारत कमीत कमी विजेवर चालते आणि दर शनिवारी मी ती लोकांना हिंडून दाखवते. खोलीत हालचाल थांबली की दिवे आपोआप बंद होतात, याचं सगळ्यांना भारी कौतुक.

बाबा मात्र त्या दिव्यांवर वैतागलेत. दुसऱ्या मजल्यावर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ते इतके स्थिर बसतात की अंधार होतो आणि हात हलवावा लागतो. आपण जिवंत आहोत हे रोज छताला पटवून द्यायचं, म्हणतात. शनिवारी तरी घरी बसा म्हटलं, तर ऐकत नाहीत. तूच थोरल्या भावाचे कान धर.

रागावून का होईना, लिहीत जा.
तुझी टकळी

२६ मार्च

चि. टकळीस,
अनेक आशीर्वाद.

दादा काल माझ्याकडे पोचला. उजवं अंग लुळं पडलंय, शब्द अडखळत येतात, पण माणसं ओळखतो. खिडकीजवळ खाट टाकली आहे.

तू सोबत येशील असं मी धरून चालले होते. दवाखान्यातही तू बाहेरच्या बाकावर बसून राहायचीस, असं सोबत आलेली परिचारिका म्हणाली. आई नसलेल्या पोरीला बापाचंही तोंड बघवेना, हे काही मला कळत नाही. तो सारखा दाराकडे बघतो. त्याला मी काय सांगू?

तुझी वाट बघणारी
आत्या

२९ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

कोणालाच बोलले नाही ते लिहिते. त्या शनिवारी मी लोकांना घेऊन बाबांच्या खोलीच्या दाराशी थांबले. दाराच्या काचेतून आत अंधार दिसला. चहाला गेले असतील असं वाटलं. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की बघा, आत कोणी नाही, म्हणून एक दिवाही जळत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबा टेबलामागे जमिनीवर पडले होते. संध्याकाळी पहारेकऱ्याला सापडले. वेळेवर आणलं असतं तर हातपाय वाचले असते, असं डॉक्टर म्हणाले. बराच वेळ शुद्ध होती, असंही म्हणाले.

साहेबांनी फेऱ्या पुन्हा सुरू करायला सांगितलंय. दिव्यांचं तेवढं वगळ, म्हणाले. मी अजून तो जिना चढलेले नाही.

त्यांनी मला ऐकलं का, एवढं विचार. खोटं लिहू नकोस. ते कळेपर्यंत त्यांच्या नजरेला नजर द्यायची माझी हिंमत नाही.

तुझीच
टकळी

२ एप्रिल

चि. टकळीस,
आशीर्वाद.

विचारलं. परवा दुपारभर एकेक शब्द जोडत त्याने सांगितलं. तुझं बोलणं ऐकलं. हाक मारायला गेला, घशातून आवाज निघेना. तू दाराशी होतीस तोवर भीती वाटली नाही, म्हणाला. तू पुढे गेलीस तेव्हा वाटली. हे मी गाळणार होते, पण तू खोटं लिहू नकोस म्हणालीस. पोरीवर राग आहे का, असंही विचारलं. तर मलाच वेड लागल्यासारखं माझ्याकडे बघितलं.

काल पहाटे दुसरा झटका आला. बोलणं गेलं, डोळेही उघडत नाहीत. ऐकू मात्र येत असेल, असं डॉक्टर म्हणतात. फार दिवस नाहीत, असंही म्हणतात.

तेव्हा नजरेला नजर द्यायची वेळ आता येणार नाही. शेजारचा ड्रायव्हर हे पत्र घेऊन येतोय, त्याच्याच गाडीत बस. रडायला पुढे पुष्कळ वेळ आहे. आधी त्याच्या उशाशी बसून बोल. काहीही बोल, पण मध्येच उठून जाऊ नकोस.

आत्या