लाल पुठ्ठ्याची डिग्री

२ मार्च
डिग्री हातात आली! अर्थशास्त्र, नोकरी सांभाळून, पत्राद्वारे. पुठ्ठा लाल. लाल म्हणजे गुणवत्तेत. बाकीच्या जनतेला निळा. दह्यादुधाच्या शेल्फाशी आपलं नातं आता संपत आलं. दुकानात असिस्टंट मॅनेजरची जागा रिकामी आहे. अख्ख्या कराकोल शहरात दुसरा लायक माणूस कोण? विचार करून पाहिला. कोणी आठवला नाही.
संकल्प : रोज शर्ट इन. वायफळ बोलणं बंद.

४ मार्च
डिग्री स्टाफरूममध्ये चहाच्या किटलीजवळ ठेवली. सहज. मासे कापणाऱ्या सागिन बाइकेंना (वयाने मोठे, म्हणून बाइके म्हणायचं) म्हटलं, शिकायला वय नसतं, मनावर घ्या. ते म्हणाले, खरंय बाबा. आणि खवले काढत राहिले. काही माणसांना महत्त्वाकांक्षाच नसते. वाईट वाटलं.
शर्ट दुपारी बाहेर आला. क्रेट उचलताना इन टिकत नाही.

९ मार्च
गावाहून आपाचा फोन. मग, झालास का रे साहेब? म्हटलं, झाल्यातच जमा. हे खोटं नाही. अर्थशास्त्रात याला अंदाज म्हणतात.
बुर्मा शेजारी शिवणाला बसली होती. म्हणाली, आईला थापा मारताना आवाज काय गोड होतो हो तुमचा! बायकोला उत्तर दिलं नाही. (वायफळ बोलणं बंद.)

२१ मार्च, नोरुजचा सण
गावी. आपाने मेंढी कापली. मेंढीचा जंबाश, कमरेचं हाड, पंगतीतल्या थोरल्याचा मान. म्हणजे तोक्तोसून काकांचा. आपाने तो माझ्या ताटात ठेवला. म्हणाली, आज डायरेक्टर घरी आलाय. (असिस्टंट मॅनेजरचा डायरेक्टर तिने केला, मी नाही.) काका हसले आणि पुढे केलेला हात मागे घेतला. मी नको म्हणायला हवं होतं. म्हटलंही, पण तोवर तोंडात घास होता.
जेवणानंतर काका म्हणाले, आमच्या सुनेला चिकटव की तुझ्या दुकानात. म्हटलं, कधीही पाठवा.
पद मिळालं की हे सगळं खरंच होणार आहे. तेव्हा आत्ता लाजण्याचं कारण नाही. तरी वाटतेय. बस लागली असावी.

२८ मार्च
मुलाखत. मॅनेजर शेरालियेवाबाई म्हणाल्या, सगळ्यांनी डिग्र्या टेबलावर ठेवा. मी सगळ्यांत आधी ठेवली. त्यावर कॅशवरच्या झमीराने ठेवली. लाल. वॉचमनने दोन ठेवल्या, भूगर्भशास्त्र आणि कायदा. सागिन बाइके हात धुऊन आले. लाल, पदार्थविज्ञान. कैक वर्षं शाळेत शिकवलं म्हणे. पगारात भागेना म्हणून मासे. माझी डिग्री तळाशी दिसेनाशी झाली.
बाई म्हणाल्या, डिग्र्या झाल्या. आता सांगा, कुणी काय सांभाळलंय? मी म्हटलं, दही.
कान अजून गरम आहेत. त्या दिवशी बाइके नुसते खरंय बाबा म्हणाले. तिथल्या तिथे माझी हजामत करता आली असती. का नाही केली?

३० मार्च
जागा सागिन बाइकेंना. बाईंच्या मते माणसं त्यांचं ऐकतात. शिक्षणाची कदर नसलेलं दुकान! राजीनामा द्यायचा. उद्या. आपाला खरं सांगायचं. तेही उद्या.

३१ मार्च
महिनाअखेर. गर्दी. काहीच जमलं नाही.

५ एप्रिल
आपा, काका आणि काकांची सून. न कळवता! मी फुटलेल्या बाटलीचं दूध पुसत शेल्फामागे. आपाने वॉचमनला विचारलं, डायरेक्टर कुबत कुठं बसतात?
बाइकेंनी ऐकलं. आले, माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि मोठ्याने म्हणाले, कुबत असानोविच, तुम्ही कशाला हात घालता? पाहुणे आलेत तुमचे. मला अहोजाहो, वर वडिलांच्या नावानिशी! केबिन उघडून मला स्वतःच्या खुर्चीत बसवलं. चहा, पाव, जर्दाळूचा मुरंबा स्वतः आणून ठेवला. सुनेला म्हणाले, सोमवारी ये गं मुली, साहेब बोललेत माझ्याशी. आपाला रडू आवरेना. तिने ओंजळ उघडून मला आशीर्वाद दिला. सगळ्यांनी आमीन म्हणत तोंडावरून हात फिरवले, बाइकेंनीसुद्धा.
मग काका बाइकेंकडे बोट करून मला म्हणाले, माणूस गुणी मिळालाय रे तुला. शिकलाय का काही?
सांगायला हीच वेळ होती. आपा माझ्याकडे बघत होती.
म्हटलं, थोडंफार.
बाइकेंनी मान हलवली, रिकामे कप उचलले आणि दार हळूच लावून घेतलं.
पाहुणे केव्हाच गेले. मी अजून केबिनमध्येच. नवा माणूस मिळेपर्यंत मासेही बाइकेच कापतात, आणि बाहेर पडायचं तर त्यांच्या समोरूनच जावं लागतं.