न छापलेले टोळ

ओहायो, ९ नोव्हेंबर १८७४

चि. लायमन यास अनेक आशीर्वाद.

पिंपाच्या झाकणावर मी तुमच्या नेब्रास्कातल्या गावाचं नाव रंगवत होते, तेवढ्यात पाद्रीबाईंनी माझा हात धरला. टोळांनी उजाड केलेल्या तुमच्या भागासाठी चर्चच्या बायकांनी सहा पिंपं भरली होती. गोधड्या, पीठ, सुकवलेली सफरचंदं. पाद्रीबाईंनी तुझ्याच वर्तमानपत्राचा अंक सगळ्यांसमोर वाचला. आमच्याकडे एकही माणूस उपाशी नाही, टोळांच्या कहाण्या भिकाऱ्यांनी उठवल्या आहेत, असं तू लिहिलंयस. मग काय, तिथेही टोळ आलेत म्हणून चार पिंपं कॅन्ससला गेली. दोन अजून तळघरात आहेत.

मी मात्र मिरवून घेतलं. म्हटलं, माझा भाऊ मध चोरायचा आणि कुणी विचारायच्या आत सांगून टाकायचा. त्याने छापलंय म्हणजे खरंच असणार. तुम्ही सुखात आहात हे वाचून जीव भांड्यात पडला. माझ्या भावजयीचा, फीबीचा, खोकला कसा आहे? तिच्या हातच्याही दोन ओळी येऊ देत.

तुझी,
हल्दाताई

नेब्रास्का, २४ नोव्हेंबर

ती. हल्दाताईस सा. न. वि. वि.

तू मिरवलंस ते वाचलं आणि पत्राची घडी घातली. तीन दिवस फीबीला दाखवलं नाही.

टोळ जुलैत आले. कणसं खाल्ली, जमिनीतले कांदे खाल्ले, कुदळीच्या दांड्याला जिथे घामाचे हात लागतात तेवढा भागही कुरतडला. त्याच आठवड्यात जमिनीचा दलाल क्रॅडॉक छापखान्यात आला. म्हणाला, की टोळ छापलेस तर वसंतात एकही नवं कुटुंब उतरणार नाही, आणि गावच राहिलं नाही तर अंक काय कोल्ह्यांना वाटणार आहेस? निम्म्या जाहिराती त्याच्या. मजकूर मात्र मीच लिहिला. अक्षरांचे खिळे एकेक करून जुळवले. थांबायला वेळ पुष्कळ होता.

शेजारची गुनहिल्ड ओसेन मातीच्या घरात राहते. नवरा काम शोधायला गेलाय, पोरं कोंडा उकडून खातात. परवा ती भिंतीला चिकटवायला जुने अंक मागायला आली. तिला इंग्रजी वाचता येत नाही. नेमका तोच अंक वर होता. आमच्याबद्दल काय लिहिलंयस, असं तिने विचारलं. मी म्हटलं, सगळं ठीक आहे म्हणून. ती हसली. म्हणाली, चला, कागदावर तरी जेवलो.

ती दोन पिंपं इकडे पाठव. बायकांना तू तोंडी सांग. माझं नाव नको काढूस.

मायेत कमी करू नकोस.
लायमन

ओहायो, ७ डिसेंबर

चि. लायमन यास आशीर्वाद.

तुझं पत्र कुणाला दाखवलं नाही. लाज मलाही वाटली, ग्वाही मीच दिली होती. तोंडी सांगून पाहिलं. पाद्रीबाई म्हणाल्या, की छापलेल्यापुढे बहिणीचं बोलणं कसं धरायचं? त्यांचं चुकलं असं मला म्हणवेना. खोटं तू चार गावांत वाचायला द्यायचं आणि खरं मी स्वयंपाकघरात कुजबुजायचं, हे मला जमायचं नाही. २ जानेवारीला आमची बैठक आहे. तोवर छापलेलं आलं नाही तर ही दोन पिंपंही कॅन्ससला जातील.

रागावले आहे, तरी तुझे मोजे विणतेच आहे.
हल्दाताई

नेब्रास्का, १६ डिसेंबर

ती. हल्दाताईस सा. न. वि. वि.

आज जुळवलं. पहिल्या पानावर, त्याच जागी. टोळांनी पिकं खाल्ली, एकतीस घरांत अन्न नाही, आधीचा मजकूर खोटा होता आणि छापणाऱ्याला ते ठाऊक होतं. कच्चा छाप फीबीने वाचला. म्हणाली, घरं बत्तीस आहेत, कुणाला सोडलंस? ऑक्टोबरपासून आम्हीही कोंडाच खातोय, हे तुला लिहिलं नव्हतं. मी आकडा बदलला.

गुनहिल्डला सांगायचं राहिलंय. पाय उचलत नाही.

तुझाच,
लायमन

ता. क. १७ तारीख. सकाळी अंकांचा गठ्ठा, तुमच्या बैठकीच्या अंकासकट, टपालाच्या गाडीत चढवला. नऊ वाजता क्रॅडॉक येऊन आपल्या जाहिराती बंद करून गेला. मग मी गुनहिल्डकडे गेलो आणि तिच्या भिंतीवरच्या त्या जुन्या अंकात खरं काय लिहिलं होतं ते सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि दार लावलं.