नऊ नंबरच्या बाईंचे नऊ गुण

तीर्थस्वरूप आत्यास, तुझ्या धांदरट भाच्याचा वाकून नमस्कार.

गुडघा कसा आहे? आतोबांचा खोकला थांबला का? इकडे सगळे मजेत आहेत, म्हणजे मी सोडून सगळे.

वाचनालयाच्या विणकाम स्पर्धेत एका गुणाने हरल्यावर तू सुया कपाटात ठेवून दिल्यास, हात गेला म्हणालीस, असं आईकडून कळलं. आत्या, तुझा हात कुठेही गेलेला नाही. गेली ती माझी अक्कल. ते सांगायचं तर जरा मागून सुरुवात करावी लागेल (मी नेहमीच मागून सुरू करतो, हे तुला ठाऊक आहे).

वाचनालयाची पत्रं मी ज्या प्रोग्रॅममध्ये टाइप करतो, त्यातच गुणांचा तक्ता केला. प्रत्येकीला एक उभा रकाना, खाली तीन परीक्षकांचे गुण आणि तळाला बेरीज. ग्रंथपाल बाई कॅल्क्युलेटर पुढे करत होत्या, पण मी ऐटीत नको म्हटलं. कारण तळाच्या चौकटीत एक सूत्र टाकलं की वरचे सगळे आकडे आपोआप मिळवले जातात, हे मी नुकतंच शिकलो होतो आणि कुणाला तरी दाखवल्याशिवाय मला चैन पडत नव्हती. परीक्षकांनी ओळखीपाळखी बघू नयेत म्हणून रकान्यांच्या डोक्यावर नावं न टाकता नुसते नोंदणीचे नंबर टाकले. आता सूत्राला वरचे सगळे म्हणजे अगदी सगळेच कळतात. त्याने डोक्यावरचा नंबरही गुणांत धरला, आणि मी छाती फुगवून निकाल वाचून दाखवला.

उजेड पडला तो काल. नऊ नंबरच्या बाई तापामुळे आल्याच नव्हत्या, म्हणून मी त्यांच्या रकान्यात तीन शून्यं भरली होती. काल त्यांचे यजमान फलकावरचा निकाल वाचून आत आले आणि न येताही नऊ गुण दिल्याबद्दल माझे मनापासून आभार मानून गेले. कागद घेऊन हाताने बेरीज केली. तू दार उघडायच्या आधी रांगेत उभी, म्हणून तुझा नंबर एक. तुझे खरे गुण एकशे एक्केचाळीस, त्यात एकाची भर. सगळ्यांत शेवटी धापा टाकत आलेल्या अठरा नंबरला खरे एकशे पंचवीस, त्यात अठरांची भर. म्हणजे तू सोळा गुणांनी जिंकली होतीस आणि मी तुला वक्तशीरपणाची शिक्षा दिली. मला फार वाईट वाटतंय, आत्या. सुधारित निकाल आज फलकावर लावला आहे, खाली माझ्या नावासकट.

तुझा,
बेरीजबहाद्दर

ता. क. : अठरा नंबर म्हणजे माझ्या सासूबाई, हे वर लिहायचं धैर्य झालं नाही. कबुली द्यायला गेलो तर त्या शांतपणे म्हणाल्या, "मला त्याच दिवशी कळलं होतं. तुमच्या आत्यांचा स्वेटर मी उलटा करून बघितला होता, आतूनही एक गाठ दिसली नाही. तुम्हाला कधी कळतंय, त्याची वाट बघत होते." रविवारी त्या स्वतः करंडक घेऊन तुझ्याकडे येणार आहेत. त्यांना गळ्याची पट्टी शिकायची आहे, तेव्हा तोवर सुया बाहेर काढ.

ता. क. २ : सुयांबरोबर कपाटात माझ्या स्वेटरची डावी बाही अर्धवट पडली आहे. खरं तर पत्र लिहायला बसलो ते त्यासाठी, इकडे थंडी फार आहे. मापांचा तक्ता सोबत जोडला आहे, तरी विणण्याआधी मला एकदा टेपने मोजून घे.